जेवणाची वेळ : दुपारी २ ते २.३०

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत काही दिवसांपूर्वी एका ज्येष्ठ नागरिकांचे पत्र प्रसिद्ध झाले. दुपारी सव्वादोनच्या सुमारास ते बँकेत गेले तेव्हा चारपैकी तीन काउंटर रिकामे होते, आतल्या खोलीतून बोलण्या-हसण्याचा आवाज येत होता आणि त्यांना वीस-पंचवीस मिनिटे उभ्याने ताटकळावे लागले, अशी त्यांची तक्रार होती. त्यांना बसायला खुर्ची मिळाली नाही, हा त्या शाखेचा दोष आहे आणि त्याचे समर्थन कोणीही करू नये. परंतु पत्राच्या शेवटी त्यांनी एकत्र बसून जेवण्याला 'चैन' म्हटले आहे. तो शब्द माझ्या मनातून जाईना, म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी १९८४ साली बँकेत लिपिक-रोखपाल म्हणून रुजू झाले आणि २०२२ साली अधिकारी म्हणून निवृत्त झाले. या अडतीस वर्षांत माणसे कामाच्या ठिकाणी कशाने टिकतात आणि कशाने खचतात हे मी जवळून पाहिले. त्या अनुभवावरून मी खात्रीने सांगते, की दुपारचा तो अर्धा तास चैनीचा नसतो.

माझी पहिली नेमणूक सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी झाली. तेव्हा आमच्या शाखेत ग्राहकांचे व्यवहार दुपारी २ वाजता संपत. शिपाई दाराची एक फळी लावून घेत, आत राहिलेल्या ग्राहकांची कामे पुरी होत आणि मग रेकॉर्ड रूममधल्या लांब सागवानी टेबलाभोवती आम्ही अकरा माणसे डबे घेऊन बसत असू. शाखाधिकारीही तिथेच बसत. कोरेगावकडून येणाऱ्या सहकाऱ्याच्या डब्यात घेवड्याची आमटी असे, माण तालुक्याकडच्या शिपाईमामांच्या फडक्यात बाजरीची भाकरी आणि खर्डा असे, आणि नव्याने लग्न झालेल्या मुलीचा डबा कोणी भरला आहे हे भाजीच्या तिखटावरून ओळखता येई. त्या अर्ध्या तासात बँकेचे काम बोलायचे नाही असा कोणताही लेखी नियम नव्हता, पण ते कोणी बोलत नसे. जेवणानंतर पुन्हा पुस्तके उघडली जात आणि दिवसाचा हिशेब जुळेपर्यंत कोणीही घरी जात नसे.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे, कारण त्या काळातली माणसे स्वभावानेच जास्त मायाळू होती, असा माझा दावा नाही. भांडणे तेव्हाही होत, बढतीवरून अबोला धरलेली माणसे मी तेव्हाही पाहिली. फरक कामाच्या रचनेत होता. ग्राहकाने धनादेश दिला की त्याला पितळी टोकन मिळे, धनादेश लेजर म्हणजे खातेवही लिहिणाऱ्याकडे जाई, तिथून अधिकाऱ्याच्या सहीसाठी, मग रोखपालाकडे, आणि टोकनाचा क्रमांक पुकारला गेला की पैसे हातात पडत. एका कागदावर चार जणांचे हात लागत. एकाने बेरजेत चूक केली तर संध्याकाळी सगळ्यांना थांबावे लागे. ३० जून आणि ३१ डिसेंबरच्या सहामाही हिशेबाच्या वेळी पंधरा पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्री एक वाजेपर्यंत लेजर चाळल्याचे मला आठवते, आणि तो फरक सापडल्यावर शिपाईमामांनी केलेला चहाही आठवतो. त्यामुळे शेजारचा माणूस कसा आहे, आज त्याचे लक्ष कुठे आहे, हे जाणून घेणे ही ज्याची त्याची गरजच होती. आम्ही एकमेकांचे अक्षर ओळखत होतो.

अक्षरावरून एक प्रसंग सांगते. बचत खात्यांचे लेजर लिहिणारे एक सहकारी होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांचे अक्षर मोत्यासारखे होते. एका पावसाळ्यात त्यांच्या नोंदींत खाडाखोड दिसू लागली, सात आणि एक यांतला फरक कळेना, आणि अधिकाऱ्यांकडून व्हाउचरे परत येऊ लागली. त्याच सुमारास ते डबा उघडेनासे झाले. भूक नाही म्हणून खिडकीपाशी उभे राहत. आमच्या मुख्य रोखपाल बाई वयाने मोठ्या आणि मोजके बोलणाऱ्या होत्या. त्यांनी काहीही विचारले नाही. सलग तीन दिवस आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि भाजी त्यांनी अण्णांच्या जागेवर ठेवली. चौथ्या दिवशी अण्णा बसले, जेवले आणि जेवता जेवताच सांगू लागले. धाकट्या भावाच्या आजारपणात खासगी सावकाराकडून घेतलेले पैसे, महिन्याला पाच टक्के व्याज आणि दाराशी येणारी माणसे. पुढच्या आठवड्यात आमच्या कर्मचारी पतसंस्थेतून त्यांना कर्ज मिळाले, दोघे जण जामीन राहिले आणि सावकाराचा हिशेब मिटला. व्याजाच्या ओझ्याखाली दबलेल्या माणसाच्या हातून दिवसभर लोकांच्या पैशाच्या नोंदी होत असतात, हे लक्षात घेतले, तर त्या अर्ध्या भाकरीने बँकेचे आणि ग्राहकांचेही किती मोठे काम केले हे समजेल. अण्णांनी पुढे नेकीने नोकरी केली. कोणत्याही तपासणी पथकाला त्यांची अडचण कळली नसती. कळली असती तर ती बहुधा फार उशिरा कळली असती.

त्या टेबलाचे गुणगान करताना एक गोष्ट लपवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. आमच्या शाखेत झाडलोट करणाऱ्या एक बाई अर्धवेळ कामावर होत्या. त्या पहिली चार वर्षे आमच्यासोबत जेवल्या नाहीत. त्या मागच्या पायरीवर बसून डबा खात आणि आम्हा अकरा शिकलेल्या माणसांना त्यात काही वावगे दिसत नव्हते. त्यांना आत कोणी मनाई केलेली नव्हती आणि आत बोलावलेही नव्हते. आपल्याकडे या न बोलावण्याला जातीचा मोठा इतिहास आहे. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सहभोजने घडवून आणली ती या इतिहासाशी लढण्यासाठीच. त्यांना हे उमजले होते, की समतेची भाषणे ऐकून माणूस घरी जातो तसाच राहू शकतो, पण शेजारी बसून एका परातीतली भाकरी मोडली की काहीतरी हलते. आमच्याकडे ते एका नव्या, तरुण शाखाधिकाऱ्यांनी हलवले. रुजू झाल्यावर पहिल्याच दिवशी ते आपला डबा घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी बाईंसाठी टेबलापाशी बारावी खुर्ची आली. ही खुर्ची मी स्वतः आणायला हवी होती, याची खंत मला आजही आहे.

आता बदल कसा झाला ते सांगते. २०००-०१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती योजनेतून सार्वजनिक बँकांतील सुमारे १ लाख कर्मचारी बाहेर पडले. आमच्या टेबलाभोवतीची तीन माणसे त्यात गेली आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. २००६ मध्ये आमच्या शाखेत कोअर बँकिंग, म्हणजे सगळ्या शाखा संगणकाने जोडणारी पद्धत, आली. त्यामुळे ग्राहकांची फार मोठी सोय झाली, हे मी आनंदाने मान्य करते. परगावच्या मुलाला पैसे पाठवण्यासाठी पूर्वी डिमांड ड्राफ्टच्या रांगेत उभे राहावे लागे, ते आता घरबसल्या होते. परंतु त्याच बदलात कामाची साखळी तुटली. प्रत्येकाला स्वतःचा संगणक, स्वतःची ओळखसंख्या आणि पुढे पुढे स्वतःचे विमा आणि कार्ड विकण्याचे उद्दिष्ट मिळाले. माझी चूक माझ्या नावावर आणि शेजाऱ्याची त्याच्या नावावर. त्याचे चित्त थाऱ्यावर आहे की नाही, हे जाणून घेण्याचे कामापुरते तरी मला कारण उरले नाही. ग्राहकांसाठी वेळ वाढून ती दुपारी ४ पर्यंत गेली आणि सगळ्यांना एकाच वेळी मोकळे करणारे ते दोन वाजणे इतिहासजमा झाले. पाळीपाळीने जेवावे असे ठरले. पाळीने जेवणे याचा प्रत्यक्षातला अर्थ एकट्याने जेवणे असा होतो. पुढे माणसे अजून कमी झाली तसा तो अर्थ डाव्या हातात पोळीची गुंडाळी धरून उजव्या हाताने काम करणे असा झाला.

२०१४ साली ओडिशातून एक सव्वीस वर्षांचा तरुण अधिकारी आमच्याकडे नेमणुकीवर आला. हुशार, कामाला वाघ, मराठीचा गंध नाही. सहा महिने तो आमच्यात वावरला आणि तो दुपारी काय खातो हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. एका महिनाअखेरीस तो काउंटरवरच चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी विचारले तेव्हा कळले, की खोलीवर स्वयंपाकाची सोय नाही, खानावळीत जाऊन येण्याइतका वेळ मिळत नाही, म्हणून तो दुपारी बिस्किटाचा पुडा आणि चहा यांवर दिवस काढत होता. त्याच काळात गावाकडे त्याच्या वडिलांवर उपचार चालू होते आणि रजा मागावी की नाही या विचारात त्याच्या रात्री जात होत्या. रजेचा अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे जायचा. त्याने तो कधी केलाच नाही, कारण उद्दिष्ट पुरे झाले नसताना रजा मागणे त्याला अपराधासारखे वाटत होते. त्यानंतर मी दोन डबे आणू लागले आणि दुपारी पंधरा मिनिटे का होईना, त्याच्यासोबत बसू लागले. तो मराठी शिकला तो त्या पंधरा मिनिटांत. पण वर्षभरात त्याने नोकरी सोडली. आणखी सहा महिने आधी कोणी त्याच्यासोबत बसले असते तर तो थांबला असता का, याचे उत्तर मला देता येत नाही. तो पडेपर्यंत त्याच्याविषयी कोणालाच काही कळले नाही, एवढे मात्र खरे आहे.

आणि याच्या उलट अनुभव त्याच शाखेत दोन वर्षांनी आला. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली. १० तारखेला बँका उघडल्या, १२ आणि १३ तारखेच्या शनिवार-रविवारीही त्या चालू राहिल्या. रांगा रस्त्याच्या वळणापर्यंत जात होत्या, लोक घाबरलेले होते आणि सगळा राग काउंटरच्या जाळीवर येऊन आदळत होता. इतके कष्टाचे दिवस मी नोकरीत दुसरे पाहिले नाहीत. तरीही त्या पन्नास दिवसांत आमच्या शाखेतले कोणीही कोलमडले नाही. रात्री नऊ-साडेनऊला रोख जुळली की आम्ही सगळे, अगदी बंदोबस्ताला आलेले पोलीस हवालदारसुद्धा, जमिनीवर सतरंजी टाकून एकत्र जेवत होतो. समोरचा किराणा दुकानदार पोहे पाठवत असे, एका ग्राहक मावशींनी दोनदा पिठले-भाकरी आणून दिली. ताण कमी झाला नव्हता, तो वाटून घेता येत होता. नेहमीच्या दिवसांत ताण याहून कितीतरी कमी असूनही माणसे का खचतात, याचे उत्तर मला त्या सतरंजीवर मिळाले.

हा केवळ माझ्या शाखेपुरता अनुभव नाही. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये माणसांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी एक प्रयोग केला. गिरणीत नवे स्वयंचलित माग बसवले होते, पण कापडाचे उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हते आणि खराब कापड फार निघत होते. राइस यांनी पाहिले, की कामाचे इतके तुकडे केले आहेत की कोणाचा कोणाशी मेळच नाही. एक जण अनेक मागांवर फिरून फक्त तुटलेला धागा जोडतो, दुसरा फक्त कांडी बदलतो, आणि अमुक माग आपला आहे असे कोणीच म्हणू शकत नाही. मागांचे ठरावीक गट करून प्रत्येक गटाची जबाबदारी एकेका लहान कामगारगटाकडे द्यावी, अशी कल्पना त्यांनी मांडली. ती मांडताच कामगारांनी स्वतःच पुढाकार घेऊन आपापले गट ठरवले. उत्पादन सुधारले आणि खराब कापडाचे प्रमाण घटले. यंत्रे तीच होती आणि माणसेही तीच होती, बदलली ती फक्त कामाची मांडणी. सत्तर वर्षांपूर्वी, आज आपल्या शेजारी असलेल्या राज्यात, आपल्याच गिरणी कामगारांच्या भाऊबंदांनी हे दाखवून दिले आहे. गिरणगावाच्या आठवणी जपणाऱ्या महाराष्ट्राला ते अपरिचित राहावे याचे मला वाईट वाटते.

आज जागतिक आरोग्य संघटनाही याच विषयावर बोलत आहे. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असे या संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नोंदवले आहे. अतिकामाशी निगडित हृदयविकार आणि पक्षाघात यांमुळे २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. जून २०२५ च्या अहवालात जागतिक आरोग्य संघटनेने जगातील दर ६ माणसांपैकी १ जण एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचे म्हटले आहे. अतिकामाचे आणि एकाकीपणाचे हे आकडे मी एकत्र ठेवते, कारण दिवसाचे दहा-बारा तास कामावर जाणाऱ्या माणसाला कामावर कोणी नसेल तर कुठेच कोणी नसते.

पुण्यात २०२४ साली एका नामांकित लेखा कंपनीत नव्याने लागलेल्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला आणि तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. कामाच्या ताणाविषयी त्या पत्रावर पुष्कळ चर्चा झाली. कंपनीने अर्थातच आपली बाजू मांडली. त्यात दोष कोणाचा होता हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. माझे मन त्या पत्रातल्या एकाच गोष्टीपाशी अडकले. मुलीच्या अंत्यविधीला कार्यालयातून कोणीही आले नाही, असे त्या आईने लिहिले होते. आपल्याकडे शेजारच्या गल्लीतले मयत असले तरी माणूस पायात चपला सरकवून जातो. ज्यांच्यासोबत ती मुलगी रात्री उशिरापर्यंत बसत होती त्यांच्यापैकी कोणालाही जावेसे वाटले नाही, असे मी मानत नाही. बहुधा तिला खरोखर ओळखणारे तिथे कोणी उरलेच नव्हते.

या घटनेनंतर अनेक आस्थापनांनी मानसिक आरोग्याची व्याख्याने ठेवली, योगवर्ग सुरू केले आणि समुपदेशकांचे क्रमांक भिंतीवर लावले. हे सर्व करावेच. केंद्र सरकारची १४४१६ ही टेली-मानस सेवा अनेकांच्या उपयोगाची आहे आणि तिचा क्रमांक प्रत्येक कार्यालयात ठळकपणे लावलेला असावा असे मला वाटते. मात्र, तो क्रमांक फिरवण्यासाठी आपल्याला मदतीची गरज आहे हे आधी त्या माणसाच्या लक्षात यावे लागते. अण्णांच्या ते लक्षात आले नव्हते, त्या ओडिशाच्या मुलाच्याही आले नव्हते. ते दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात यावे लागते आणि त्यासाठी दिवसातून एकदा तरी एकमेकांच्या तोंडाकडे पाहणारी माणसे असावी लागतात. महिन्यातून एका शुक्रवारी फुगे लावून खेळ घेतल्याने ते साधत नाही. विशेषतः त्याच शुक्रवारी रात्री दहा वाजता व्हॉट्सॲपवर उद्दिष्टांची यादी आणि मागे राहिलेल्यांची नावे येत असतील, तर मुळीच साधत नाही.

आपल्या कायदे करणाऱ्यांना ही गोष्ट पूर्वी चांगली ठाऊक होती. १९४८ च्या कारखाने अधिनियमात २५० हून अधिक कामगार असतील तिथे उपाहारगृह, १५० हून अधिक असतील तिथे जेवणाची आणि विश्रांतीची स्वतंत्र खोली, आणि सलग ५ तासांहून अधिक काम न घेता किमान अर्ध्या तासाची सुट्टी, अशा तरतुदी होत्या. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा नव्या कामगार संहितेत सामावला गेला आहे. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत आणि विश्रांतीआधीच्या सलग कामाची मर्यादा ५ वरून ६ तासांवर नेण्यास मान्यता दिली. उद्योगांच्या सोयीविषयी मी बोलत नाही, तो माझा विषय नाही. पण सकाळी सातला यंत्रापाशी उभा राहिलेला माणूस बाराऐवजी एक वाजता डबा उघडेल, हा बदल कागदावर एका आकड्याचा असला तरी रोजच्या आयुष्यात लहान नाही. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतल्या कामगारांना, ज्यांत साडीच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका फार मोठ्या संख्येने आहेत, बसण्याचा हक्क कायद्याने दिला. बसण्याचा हक्क द्यावा लागतो, ही खेदाची गोष्ट आहे, पण त्यांनी तो दिला हे चांगले केले. आपल्या राज्यानेही सोबत बसून जेवण्याच्या वेळेचा विचार याच गांभीर्याने करावा.

महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ १९५३ पासून काम करीत आहे. त्याच्या केंद्रांतून नाटके झाली, शिवणवर्ग झाले, वाचनालये चालली, आणि कामगार नाट्यस्पर्धेत दिवसा यंत्रावर असणारी माणसे रात्री तालमीला एकत्र येत राहिली. या केंद्रांच्या वास्तू अनेक शहरांत आहेत. घरपोच वस्तू पोहोचवणारी मुले दुपारी रस्त्याकडेला गाडीवरच बसून वडापाव खाताना मी रोज पाहते, तेव्हा मनात येते की या मुलांना कार्यालय नाही, टेबल नाही, सहकारी आहेत पण ते फक्त मोबाइलच्या पडद्यावर. दुपारी दोन तास ही केंद्रे त्यांना डबा खायला, पाणी प्यायला, चार शब्द बोलायला उघडी ठेवता येतील का, याचा मंडळाने विचार करावा अशी माझी विनंती आहे. हीच गोष्ट एटीएमच्या रखवालदारांची. ते कंत्राटदाराचे, म्हणून ते आमचे नव्हेत, असे आम्ही वर्षानुवर्षे धरून चाललो. मागच्या पायरीवरच्या बाईंविषयी केलेली चूक आम्ही काचेच्या दारापाशी पुन्हा केली.

आता मूळ पत्रलेखकांकडे येते. आपला त्रास खरा होता. शाखेने जेवणाची वेळ दारावर लावावी, त्या वेळेत एक काउंटर चालू ठेवावा, त्यावर बसणारा माणूस रोज बदलावा, ज्येष्ठांसाठी खुर्च्या आणि पाणी असावे, आणि बाकीच्यांना अर्धा तास एकत्र बसू द्यावे. हे पाच-सहा माणसांच्या शाखेतही जमते. मी शेवटची तीन वर्षे जिथे होते तिथे आम्ही ते जमवले होते. सुरुवातीला दोन-चार तक्रारी आल्या. मग लोक २ ची वेळ टाळून येऊ लागले, आणि काही जण तर शिपायाला विचारून त्या वेळी बाकावर निवांत वर्तमानपत्र वाचत बसू लागले. त्या अर्ध्या तासात वरिष्ठ कार्यालयातून संदेश येऊ नयेत यासाठी मात्र मला दोनदा पत्र लिहावे लागले. दुसऱ्या पत्रानंतर ते थांबले.

गेल्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी मी माझ्या पहिल्या शाखेत गेले होते. रेकॉर्ड रूममध्ये डोकावले तर ते सागवानी टेबल अजून तिथेच होते. त्यावर बंद पडलेला प्रिंटर, कागदांचे चार खोके आणि जुन्या फलकांची चळत ठेवलेली होती. शाखाधिकारी माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. त्यांना मी बारा खुर्च्यांची गोष्ट सांगितली आणि टेबल मोकळे करता येईल का असे विचारले. जागेचा प्रश्न नाही, वेळेचा आहे, असे त्या म्हणाल्या. मग थोडा वेळ थांबून त्यांनी शिपायाला हाक मारली आणि खोके कुठे हलवता येतील ते दोघे पाहू लागले. मी निघाले तेव्हा प्रिंटर खाली उतरवलेला होता.

आपली विश्वासू,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा